हात माझे, आवाज तिचा

आजच्या समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या गल्लीतल्या दुकानदार संघटनेचे प्रमुख आदरणीय किल्लीवाले काका. मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, प्रशिक्षण संस्थेच्या संचालिका मॅडम. व्यासपीठावर बसलेले चष्मेवाले आणि गादीवाले, हे माझे दोन्ही शेजारी. जिच्यासाठी आपण सारे दुकानं बंद करून जमलो ती आजची सत्कारमूर्ती, माझी धाकटी बहीण. आणि समोर बसलेल्या बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

काकांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. मी जास्त घेईन, हे त्यांनाही ठाऊक आहे. मला बोलायची सवय नाही. माझं काम मान खाली घालून करायचं आहे. फाटलेली बॅग समोर येते, मी ती शिवते, बॅग जाते. तेव्हा शब्द कुठे मागेपुढे झाले, तर एखादा टाका सुटला असं समजा.

आधीच्या वक्त्यांनी धाकटीबद्दल फार सुंदर बोलून ठेवलंय. चष्मेवाले म्हणाले, तिने आमच्या गल्लीला जगासमोर आणलं. गादीवाले म्हणाले, तिच्यामुळे मी फोनसमोर बोलायला शिकलो. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. पण खरं सांगू का? प्रत्येक टाळीला माझ्या पोटात थोडंसं दुखत होतं. हसताय? हसा. मी आज निरोपाचं भाषण करायला उभी आहे आणि मला माझ्या बहिणीचा हेवा वाटतो. आजचा नाही, जुना आहे. बाबा पहिल्या रांगेत बसलेत, पण त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून हे धाडस.

नवीन लोकांसाठी थोडं मागचं सांगते. आमचं दुकान तुम्हाला माहीत आहे. सात फूट रुंद, पुढे फळी, मागे शिलाईचं मशीन, भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या बॅगा. बाबांचं दुकान. शाळा सुटली तशी मी तिथे बसले आणि बावीस वर्षं बसले. चेन बदलणं, पट्टे लावणं, अस्तर घालणं, प्रवासी बॅगांना चाकं बसवणं. धाकटी शिकली. एका मोठ्या कंपनीत फोनवर ग्राहकांशी बोलायची तिची नोकरी होती. दिवसभर थंड हवेत बसून गोड बोलायचं आणि संध्याकाळी आम्हाला सांगायचं, ‘ताई, आज बोलून बोलून दमले गं.’ मी तेव्हा बोटांवरचा चिकट गम घासून काढत असायची.

मग ती कचेरीच बंद झाली. धाकटी दुकानात आली. म्हणाली, ‘दुसरं काही मिळेपर्यंत बसते.’

तेव्हा दुकानाची अवस्था काय होती, हे गल्लीला सांगायला नको. वळणावर ते मोठं चकचकीत दुकान झालं आणि लोक बॅग फाटली की नवी घ्यायला लागले. आमच्या खिळ्यांवर धूळ बसली. कधीकधी आख्ख्या दिवसात तीन बॅगा यायच्या, आणि त्यातली एक बाबांच्या मित्राची असायची.

धाकटीला मी चार दिवस शिवायला शिकवून पाहिलं. मॅडम, तुम्ही तिला नोकरी दिलीत, तर तुम्हाला माहीत असलेलं बरं: तिला सरळ टाका घालता येत नाही. पाचव्या दिवशी ती म्हणाली, ‘ताई, मी शिवत नाही. तू शीव, मी दाखवते.’

‘कुणाला?’

‘सगळ्यांना.’

आणि तिने फोन काढला.

मी सरळ सांगितलं, माझा चेहरा दाखवायचा नाही, माझं नाव घ्यायचं नाही. उगाच लोक बघणार, नावं ठेवणार. ती म्हणाली, ‘बरं, फक्त हात घेते.’ हे नीट ऐका. ‘नको’ मीच म्हटलं होतं. दार मीच आतून लावून घेतलं, आणि पुढे दोन वर्षं कुणी हाक मारत नाही म्हणून रुसून बसले.

पहिला व्हिडिओ चाळीस सेकंदांचा होता. शाळेच्या दप्तराची चेन. लोकांना वाटतं चेन गेली म्हणजे दप्तर गेलं. चेन नसते गेलेली, तिच्यावरून धावणारा रनर झिजलेला असतो. मी पक्कड घेतली, रनर दोन्ही बाजूंनी हलकेच दाबला, चेन सर्रकन बंद झाली. बस, एवढंच. आणि वरून हिचा आवाज: ‘थांबा, नवं दप्तर घेऊ नका. ही चेन खराब नाही. हिचा रनर दमलाय.’

रनर दमलाय! बावीस वर्षांत मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकरा माणसं दप्तरं घेऊन आली. आठवड्यात खिळे भरले. महिन्यात बॅगा टांगायला दोरी बांधावी लागली. त्या दिवसांत ही जे शिकली, तेच पुढे तुम्हा सगळ्यांना तिने शिकवलं. सकाळी दहाला आमच्या फळीवर ऊन येतं, तेव्हाच चित्रीकरण. आधी मोडलेली वस्तू दाखवायची, मग दुरुस्त झालेली. आधीच छान दाखवलं तर पुढे कुणी बघत नाही. प्रत्येक व्हिडिओत पत्ता आणि वेळ. कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर. तक्रार आली तर पुसून टाकायची नाही, त्या माणसाला दुकानात बोलवायचं. मी वैतागून म्हणायची, ‘अगं, एक झाला ना व्हिडिओ? रोज काय?’ तर म्हणायची, ‘ताई, माणूस तीनदा बघतो, चौथ्यांदा विचारतो आणि पाचव्यांदा येतो. आपण तिसऱ्यांदाच थांबलो तर?’

बरोबर होतं तिचं. तेच तर माझं दुखणं होतं. ती चुकली असती तर मी तिच्यावर किती प्रेम केलं असतं!

आणि लोक यायचे ते कुणाकडे बघत यायचे? फळीशी उभ्या असलेल्या तिच्याकडे. ‘अय्या, तुम्हीच ना त्या? आवाजावरून ओळखलं! काय हात आहेत हो तुमचे!’ आणि मागे मशीनवर मी, मान खाली. पहिले काही दिवस ती म्हणायची, ‘अहो, हात ताईचे आहेत.’ लोकांना तो विनय वाटायचा. मग तिने सांगणं सोडलं. आणि तिने सोडलं, हे मी मोजून लक्षात ठेवलं.

एका मासिकाने तिचा फोटो छापला. हातात दाभण. मंडळी, दाभणाचं टोक तिने स्वतःकडे केलं होतं! कुणाच्या लक्षात आलं नाही. मी ते पान घडी करून गमच्या डब्याखाली ठेवलं, आणि रोज डबा उचलताना बघायची. मनाला तेवढाच आधार.

आणि बाबा. बाबांनी फोन नाकाला लावून व्हिडिओ पाहिला. त्यात माझे दोन हात, माझी पक्कड, माझा टाका. पाहून झाल्यावर मला म्हणाले, ‘काय गोड समजावून सांगते गं पोरगी!’ हातांबद्दल एक शब्द नाही. मी बावीस वर्षं त्यांच्या शेजारी बसले होते हो. त्या दुपारी मी एका बॅगेचं अस्तर उलटं शिवलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आता पुढचं जे आहे, ते माझ्या कागदावर नाही. पण ती परवा नोकरीच्या गावाला जाईल, आणि मग हे सांगायला मला माणूस सापडणार नाही.

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार गल्लीला आठवत असेल. धाकटीने जाहीर केलं होतं, सकाळी अकराला थेट प्रक्षेपण. एका निवृत्त शिक्षकांची चामड्याची जुनी बॅग होती, हँडल मुळासकट निघालेलं. ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत हाताने शिवायचं. आठवडाभर ती लोकांना सांगत होती, या, बघा, विचारा. आणि त्या सकाळी मी डोक्याला ओलं फडकं बांधून पडून राहिले. म्हटलं, माझं डोकं फुटतंय, मला उठवत नाही.

धाकटी घाबरली. फोनवर म्हणाली, ‘ताई, पुढे ढकलू का?’ मी म्हटलं, ‘नको नको, लोक वाट बघतायत. तू कर ना. तुझ्या हातांची तर सगळे स्तुती करतात.’

मग ती म्हणाली, ‘बरं. तू आराम कर.’

आमचे हे तिच्या मदतीला गेले, दिवा धरायला. मी आज, या सभागृहात, बाबांच्या समोर सांगते: माझं डोकं दुखत नव्हतं. अजिबात नाही. घर मोकळं झाल्याबरोबर मी फडकं काढलं, यांचा फोन घरीच चार्जिंगला लावलेला होता तो घेतला, आणि बघायला बसले. ती तोंडघशी पडावी म्हणून बघायला बसले. असं कुणी सख्ख्या बहिणीबद्दल मनात आणतं का? मी आणलं. चार हजार माणसं बघत होती, आणि त्यांतली मी एक होते.

तिने दोऱ्याला मेण लावलं, ते जास्त झालं. दोरा गुंतला. पहिला टाका बरा पडला, दुसरा तिरका. तिसऱ्याला दाभण बोटात गेलं. मी गालातल्या गालात हसले. आणि खाली लोक लिहायला लागले. ‘आज हात का थरथरतायत?’ ‘हे हात वेगळे आहेत.’ एकाने लिहिलं, ‘अंगठ्यावरचा तो भाजल्याचा डाग कुठे गेला?’

मंडळी, हा तो डाग. लहानपणी गरम गम सांडला होता. मी हे फोनवर वाचलं आणि माझा अंगठा बघत बसले. कुठल्या कुठे राहणारा कुणी अनोळखी माणूस, त्याला माझा अंगठा ठाऊक होता. दोन वर्षं मी म्हणत होते मला कुणी पाहत नाही, आणि ते माझ्याकडेच तर पाहत होते!

धाकटीने दाभण खाली ठेवलं. फोनकडे बघितलं आणि म्हणाली, ‘हे हात माझे आहेत, म्हणून असं होतंय. आजवर तुम्ही पाहिलेत ते माझ्या ताईचे. ती आज आजारी आहे. हे मी आधीच सांगायला हवं होतं. तिने नको म्हटलं होतं, हे खरं आहे. पण तुम्ही माझी स्तुती करत होता ती मला आवडत होती, हेही खरं आहे.’

आणि प्रक्षेपण बंद.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? हेच तर हवं होतं. मी ओलं फडकं पुन्हा बांधून पडून राहिले. यावेळी डोकं खरंच दुखत होतं.

पुढच्या आठवड्यात लोकांनी तिला काय काय म्हटलं, ते या व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. खोटारडी, फसवी. आलेल्या बॅगा लोक परत घेऊन गेले. आणि जे आले ते थेट माझ्याकडे. एक बाई भली मोठी पर्स घेऊन आल्या, म्हणाल्या, ‘बरं झालं हो त्या बाईचं बिंग फुटलं. खऱ्या तुम्हीच.’ धाकटी दोन हातांच्या अंतरावर बसून डब्यांतले रनर लहान-मोठे वेगळे करत होती. मान वर केली नाही तिने. आणि मी? मी म्हटलं, ‘बसा ना, पाणी घेता का?’

चार दिवस मी हे ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, चवीने ऐकलं.

धाकटीने फोनला हात लावणं सोडलं होतं, म्हणून उत्तरं मी द्यायला लागले. एकाने विचारलं, ‘प्रवासी बॅगेला चाक बसवून मिळेल का?’ मी लिहिलं, ‘होय.’ तो आला नाही. दुसरीने विचारलं, ‘किती वेळ लागेल?’ मी लिहिलं, ‘बघावं लागेल.’ तीही आली नाही. पाच दिवसांत साठ माणसांनी विचारलं, आणि दुकानात आले दोघं. मला वाटायचं ही नुसती बोलते. बोलण्यात काय कष्ट आहेत? मंडळी, साठातली अठ्ठावन्न माणसं माझ्या हातून निसटली, तेव्हा मला कळलं की तेही हाताचंच काम आहे.

पाचव्या दिवशी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी पुन्हा ‘होय’ लिहीत होते. हळूच म्हणाली, ‘ताई, नुसतं होय नको. त्यांना विचार, चाक कुठलं आहे, फोटो पाठवा म्हण, आणि कधी येताय ते विचार. माणूस दारात उभा आहे असं समज. दारातल्या माणसाला नुसतं होय म्हणून आत निघून जाशील का?’

रडायला आलं मला. ज्या लोकांनी तिला शिव्या घातल्या, त्यांच्याशी मी नीट बोलावं म्हणून ही मला शिकवत होती.

मी म्हटलं, ‘तो फोन लाव. समोर लाव. आज माझा चेहरा दिसू दे.’

तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. माझा पदर नीट नाही. मी सांगितलं, नाव घेऊ नको असं मीच म्हटलं होतं, ही खोटी नाही, हात माझे आणि आवाज हिचा, आणि दोन्हींशिवाय हे दुकान नाही. लोक परत आले. आधीपेक्षा जास्त आले. आज मागे दोन मशीनं आहेत, आणि पाटीवर दोघींचा फोटो आहे. त्यानंतरच काका, तुम्ही तिला म्हणालात, आता बाकीच्यांच्या दुकानांकडेही बघ. आणि तिने गादीवाल्यांना कापूस पिंजताना दाखवलं, चष्मेवाल्यांना वाकडी काडी सरळ करताना दाखवलं, आणि गल्ली पुन्हा भरली.

पण त्या व्हिडिओतही मी म्हटलं होतं, ‘त्या रविवारी मी आजारी होते.’ ते एक खोटं तसंच राहिलं. ते आज काढून टाकलं. धाकटे, मी तुला मुद्दाम एकटं पाडलं होतं. तुझी...

काय? ती काहीतरी म्हणतेय. एक मिनिट, काका. मोठ्याने बोल, सगळ्यांना ऐकू दे.

‘मला माहीत होतं, ताई.’

माहीत होतं? कसं माहीत होतं? ह्यांनी सांगितलं? नाही ना हो तुम्ही? मग?

थांबा, टाळ्या थांबवा, मला ऐकू येत नाही. पुन्हा सांग.

मंडळी, ती म्हणतेय, थेट प्रक्षेपणात कोण कोण बघायला आलं त्यांची नावं वर दिसतात. दोरा गुंतला तेव्हा तिने फोनकडे पाहिलं, तर तिथे भावोजींचं नाव होतं. आणि भावोजी तर तिच्यासमोर दिवा धरून उभे होते.

अरे देवा. आणि काय म्हणतेस? बदाम? मी ते लाल बदाम पाठवले, आवडलं म्हणून पाठवतात ते? नऊ? अहो, ते चुकून गेले असतील, मला तो फोन कुठे वापरता येत होता! बोट लागलं असेल! हसू नका हो, गादीवाले.

म्हणजे ‘ताई आज आजारी आहे’ असं तू त्या चार हजार लोकांना सांगितलंस, तेव्हा मी बघतेय हे तुला माहीत होतं. ‘स्तुती मला आवडत होती’ हे तू त्यांना नाही, मला सांगत होतीस. आणि दोन वर्षं एका फळीशी बसून तू एक अक्षर बोलली नाहीस.

मोठी मी आहे गं. निदान मोठेपणा तरी माझ्याकडे राहू द्यायचा होतास. तोही तूच घेतलास.

असो. कागदावर शेवटी आभार लिहिलेत, ते मला मानलेच पाहिजेत. संचालिका मॅडम, आपण आमची धाकटी नेताय. तिथल्या दुकानदारांना ती सगळं शिकवेल. पण तिला दाभण देऊ नका. संघटनेने हा समारंभ ठेवला, काकांनी पाचाची पंधरा मिनिटं होऊ दिली, खुर्च्या मांडणाऱ्यांनी मांडल्या, आणि तुम्ही सगळ्यांनी आमच्या घरचं भांडण इतक्या प्रेमाने ऐकलंत, त्या सर्वांची मी ऋणी आहे. माझ्या बोलण्यात कमी-जास्त झालं असेल, कुणाचा उल्लेख राहिला असेल, तर तो मनाला लावून घेऊ नका. जिची माफी मागायला मी उठले होते, तिने ती दोन वर्षांपूर्वीच देऊन टाकली होती म्हणे. तेव्हा उरलेली तुम्ही द्या.

आता मी थांबते. बघा, बोलतेय मी, आणि सगळं सभागृह बघतंय तिच्याकडे. ती हसतेय. बाबासुद्धा तिच्याकडेच बघतायत.

नमस्कार.